न गळणारी दांडी

आमच्या भावोजींच्या घरात नळ गळत नाही. मी हे कौतुकानं सांगतेय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्यांच्याकडे एकदा जेवायला जावं. गप्पा रंगात आलेल्या असतात आणि हा माणूस एकदम हात वर करून सगळ्यांना गप्प करतो, कान टवकारतो आणि म्हणतो, "मोरीत." मग ताट तसंच ठेवून, पाना घेऊन आत. जाऊन बघावं तर नळाच्या तोंडाशी एकच थेंब लोंबत असतो, पडावं की पडू नये अशा विचारात. तो पडायच्या आत भावोजी त्याचा बंदोबस्त करतात आणि परत येऊन गार जेवण जेवतात.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धंद्यानं प्लंबर. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. दिवसभर एका दातांच्या दवाखान्यात लोकांना "बसा, बोलावतील" म्हणते आणि संध्याकाळी वर जाऊन ताईच्या हातचा चहा पिते. तेव्हा मी सांगतेय ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि थोडंफार मेव्हणीच्या हक्कानं वाढवलेलं.

मनातलं बोलायची वेळ आली की भावोजींच्या हातात पाना येतो. लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसल्या बसल्या काही सुचेना म्हणून आमच्या मोरीचा नळ बदलून गेले. आई म्हणाली, "मुलगा कामाचा आहे." ताई म्हणाली, "पण बोलतो का?" त्या प्रश्नाचं उत्तर ताईला अजून मिळालेलं नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान मात्र एका वाक्यात सांगता येतं: जे उघडता येत नाही, ते काम नव्हे. पाईपाचा प्रत्येक जोड उघडला पाहिजे, कारण आज ना उद्या कुणालातरी तो उघडावा लागणार. यावरून त्यांचा आणि रस्त्यापलीकडच्या वेल्डरचा जुना वाद आहे. वेल्डर दारं-खिडक्यांच्या जाळ्या करतो आणि त्याचं म्हणणं, एकदा चिकटवलं की विषय संपला. दोघं रोज एकाच बाकावर बसून चहा पितात आणि रोज एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवतात.

भावोजींना एकच मुलगी. उंच आणि सडसडीत, म्हणून मी तिला लहानपणापासून शेंग म्हणते. शेंग चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, पण तिच्या डोक्यात शाळेपासून एकच खूळ, अग्निशमन दल. रस्त्यानं आगीचा बंब घणघणत गेला की बाकीची मुलं कानांवर हात ठेवायची आणि ही निम्मी खिडकीबाहेर असायची. गेल्या वर्षी तिनं भरतीची परीक्षा दिली. धावण्यात पहिल्या काहींत आली, नळीचं जड वेटोळं खांद्यावर टाकून जिने चढली, माणसाच्या वजनाचा बाहुला मैदानभर ओढत नेला. मग आली दांडी. दोन्ही हातांनी लोंबकळायचं आणि अंग वर ओढून हनुवटी दांडीच्या वर न्यायची, तीनदा. शेंग लोंबकळली ती लोंबकळलीच. "मावशी, वाळत घातलेली चादर दिसत होते मी," असं तिनं मला सांगितलं आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. वयाच्या अटीमुळे आता यंदाची एकच संधी उरली होती. दांडी जमली तर जमली, नाहीतर जन्मभर लोकांना "खालची ओळ वाचून दाखवा" म्हणत बसायचं.

भावोजींनी या विषयावर एवढंच मत दिलं होतं, "चष्म्याचं दुकान काय वाईट आहे? सावलीतलं काम आहे." आणि ते गच्चीवरची टाकी बघायला निघून गेले होते.

शेंगेनं मग बाजारातून एक दांडी आणली. दाराच्या चौकटीत अडकवायची, फिरवून घट्ट करायची, असली. तिनं ती मोरीच्या दाराला लावली आणि लोंबकळली. दांडी चौकटीचा रंग आणि मूठभर प्लास्टर घेऊन खाली आली, आणि शेंग भरलेल्या बादलीत बसली. आवाज ऐकून भावोजी धावत आले. त्यांनी आधी बादलीला तडा गेलाय का ते बघितलं, मग मुलीला हात देऊन उठवलं. मग ती दांडी उचलून हातात फिरवली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्यासमोर नळाला चिंधी बांधली.

"याच्या भरवशावर माणूस टांगतात?" ते म्हणाले. "ना आटे, ना भिंतीला धरायची चकती, ना बोल्ट. नुसतं दाबून बसवायचं!" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तसंही मला पोट कमी करायचंच आहे. माझ्यासाठी एक नीट दांडी करतो. आणखी कुणाला वापरायची तर वापरा."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. भावोजींचं पोट मी त्यांच्या लग्नात पाहिलं तेव्हापासून जसंच्या तसं आहे, आणि त्याबद्दल त्यांनी कधी खंत केलेली मला आठवत नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जाताना वर काँक्रीटचा बीम आहे. भावोजींनी ती जागा ठरवली. जस्ताचा मुलामा दिलेले जाड लोखंडी पाईप आणले, त्यांच्या टोकांना स्वतः आटे पाडले. बीमपासून खाली येणारे दोन उभे पाईप, त्यांना दोन कोपरे आणि मध्ये आडवी दांडी, अशी ती चौकट. आडव्या दांडीच्या ऐन मध्यावर त्यांनी एक जाडजूड युनियन बसवली, म्हणजे पाना लावला की पाईप मधोमध सुटा होतो तो जोड.

"हा मधला गड्डा कशाला, बाबा?" शेंगेनं विचारलं.

"उघडायला."

"पण दांडी कशाला उघडायची?"

"आज ना उद्या उघडावी लागते," भावोजी म्हणाले, आणि पुढे चर्चा नाही.

सुट्टीच्या दिवशी मी वर गेले तर गॅलरीत ती चौकट आडवी ठेवलेली, एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला हातपंप, आणि भावोजी पंपावरच्या घड्याळासारख्या तबकडीकडे डोळे लावून उकिडवे बसलेले.

"काय चाललंय, भावोजी?"

"दाब बघतोय."

"कसला?"

"पाण्याचा."

"दांडीत?"

ते "हो" म्हणाले आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. जन्मभराची सवय. प्रत्येक जोडाला आट्यांवर पांढरी टेप नीट गुंडाळली होती, पाईपात पाणी भरलं होतं आणि माणसानं लोंबकळायच्या दांडीची गळती तपासायला बसले होते. मी हसून हसून दाराला टेकले. पण कबूल करतील तर ते भावोजी कसले! "जोड कसा बसलाय ते कळतं यानं," मान ताठ करून म्हणाले. "बघ. थेंब नाही."

खरोखरच थेंब नव्हता. संध्याकाळपर्यंत ही बातमी रस्त्यापलीकडे पोचली, त्यात माझा थोडा हात होता. वेल्डर दुकानातूनच ओरडला, "काय हो, दांडीला गरम पाण्याची सोय केलीत की नाही?"

चौकट बीमला बोल्टांनी बसली. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा ऐन मध्ये. शेंगेनं पैलवान माती लावतात तशी हातांना पावडर लावली, उडी मारून दांडी धरली आणि जोर लावला. बीम हलला नाही, बोल्ट हलले नाहीत. दांडी मात्र तिच्या मुठीत गर्रकन फिरली आणि शेंग खाली.

"बाबा, फिरतेय ही."

फिरणारच होती. गळू नये म्हणून गुंडाळलेल्या त्या गुळगुळीत टेपवरून आटे लोण्यासारखे सरकत होते. तिनं जोर लावला की दांडीचा उजवा अर्धा भाग आपल्या कोपऱ्यात घट्ट व्हायचा आणि डावा सुटायचा. भावोजींनी डावा आवळला, तर मधली युनियन ढिली. ती आवळली, तर पुन्हा डावा. पाण्याचा एक थेंब बाहेर पडणार नाही असं काम होतं, आणि त्यावर माणूस काही टिकत नव्हता.

"बघतो," भावोजी म्हणाले.

दुरुस्तीच्या बाबतीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शेजाऱ्याच्या घरात टपटप झाली तरी चप्पल उलटसुलट घालून धावणारा माणूस. त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. शेंग रोज दुकानातून आली की त्या फिरत्या दांडीशी झोंबायची. तळहातांना फोड आले. तिनं दांडीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तर दांडी ट्यूबसकट फिरायला लागली. "बाबा, ही दांडी आहे की लाटणं?" ती हसत विचारायची, पण परीक्षा जवळ येत चालली तसं तिचं हसणं कमी होत गेलं.

मी टोमणे मारायची संधी सोडत नव्हते. "भावोजी, नळाचा एक थेंब तुम्हाला जेवू देत नाही, आणि इथं लेक रोज आपटतेय!" असं म्हटलं की ते टाकी बघायला गच्चीवर. वेल्डरनंही सांगून पाहिलं, "इकडे आणा, कोपऱ्यांना दोन टाके घालतो, चहा निवायच्या आत काम होईल." भावोजी म्हणाले, "मग उघडणार कसं?" आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, यांचं तत्त्वज्ञान आडवं येतंय. ताई मात्र हसली नाही. खाली जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, "कुठंतरी पाणी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर स्टुलावर बसली. "अहो, एक विचारू? ती दांडी तुम्हाला दुरुस्त करता येत नाही, की करायची नाही?"

भावोजींचा हात सवयीनं शेजारी पाना शोधायला गेला. पाना जागेवर नव्हता. त्यांनी खुर्चीखाली बघितलं, खिडकीत बघितलं.

"मी त्याच्यावर बसलेय," ताई म्हणाली. "बोला."

पळायला वाटच उरली नाही. भावोजींनी कपाचा कान घट्ट धरला. मी काहीतरी चुरचुरीत बोलणार होते, पण ताईनं डोळे वटारले.

"आग लागून गेलेल्या घरात आधी कुणाला बोलावतात, माहितीये?" ते म्हणाले. "वायरमनला आणि मला. मी ती घरं बघतो. प्लास्टिकचे पाईप भिंतीवरून ओघळून खाली थिजलेले असतात. नळाची मूठ म्हणजे नुसती काळी गोळी. एका घरात दाराच्या आतल्या बाजूला..." त्यांनी कप जागच्या जागी फिरवला. "घरी येऊन मी कधी काही सांगितलं नाही. काय सांगायचं? मी आग विझल्यावर आत जातो. ही पेटलेली असताना जाणार. दांडी फिरतेय तोवर ती घरात आहे, एवढंच मला कळतं."

इतकी वाक्यं त्यांनी एका दमात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या टोमण्यांची लाज वाटली. आणि तेवढ्यात आमचं लक्ष दाराकडे गेलं. शेंग चपला हातात धरून उभी होती. कधी आली कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जाता तेव्हा आत कुणी नसतं. मी जाईन तेव्हा असेल."

चपला ठेवून ती आत गेली. थोड्या वेळानं दांडीचा आवाज यायला लागला. कर्र, मग धप्प. पुन्हा कर्र, पुन्हा धप्प. भावोजी मान तिरकी करून ऐकत होते, जेवताना नळ ऐकतात तसेच. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"ऊठ जरा," ते ताईला म्हणाले. "पाना दे."

त्यांनी बीमचे बोल्ट काढले, आख्खी चौकट खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. उतरताना ती दोनदा भिंतीला घासली. रस्त्यावर एक सायकलवाला थांबून बघत राहिला, कारण एक पोटवाला गृहस्थ बिनदाराची चौकट गळ्यात घालून रस्ता ओलांडत होता. मी अर्थातच मागोमाग गेले.

"या, या!" वेल्डरनं दुरूनच सुरुवात केली. "गरम पाण्याची लाईन टाकायची का?"

भावोजींनी चौकट खाली ठेवली. "दोन्ही कोपरे चिकटव. मधली युनियन पण."

"मग उघडणार नाही हो ते."

"नको उघडायला."

वेल्डरनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्याकडे पुढचा विनोद तयार असणार, माझ्याकडेही होता. पण त्यानं आट्यांतली पांढरी टेप कोरून काढली, जोडाजवळचं जस्त घासून लोखंड उघडं केलं आणि एक काळी काच भावोजींच्या हातात दिली. भावोजींनी एका हातानं काच डोळ्यांपुढे धरली, दुसऱ्या हातानं पाईप धरून ठेवला. ठिणग्या उडत होत्या तरी हात हलला नाही. झाल्यावर वेल्डरनं जोडांवर हातोडी मारून बघितली आणि म्हणाला, "आता ही तुमच्या-माझ्यानंतरही अशीच राहील." भावोजींनी मान हलवली. त्यांचे डोळे लाल झाले होते. काच असताना कसे झाले, ते मी विचारलं नाही.

दांडी फिरायची थांबली म्हणून शेंग लगेच वर गेली असं नाही. फिरत्या दांडीनं तिची मूठ लोखंडासारखी केली होती, पण पाठीत अजून जोर नव्हता. भावोजी रोज खाली उभे राहून तिचे पाय तळहातांवर झेलायचे आणि वर ढकलायचे. "जरा कमी ढकला, बाबा," ती म्हणायची. ते कमी ढकलायचे. मग एकदा त्यांचे हात नुसतेच तिच्या पायांखाली होते आणि शेंगेची हनुवटी थरथरत दांडीच्या वर गेली. ती तिथंच थांबून इकडे तिकडे बघायला लागली.

"आई, कपाटावर केवढी धूळ आहे! आणि बाबा, तुम्हाला मागे टक्कल पडलंय."

ताई फडकं आणायला धावली. भावोजींनी डोक्यामागे हात नेला. "केवढं?"

"बशीएवढं!" असं ओरडून ती खाली उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. दोघांनाही मग काय करावं ते सुचेना, म्हणून भावोजी बोल्ट तपासायला लागले.

परीक्षेत तिनं तीनदा हनुवटी वर नेली. खाली उभा राहून मोजणारा परीक्षक "बास, उतर" म्हणाला तरी आणखी एकदा नेऊन मगच उतरली. निकाल लागला, शेंग प्रशिक्षणाला गेली, आणि आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अग्निशमन केंद्रात असते. दांडी जिथल्या तिथे आहे. ताई तिच्यावर हँगर अडकवते. भावोजी सकाळी ते काढून ठेवतात आणि स्वतः लोंबकळतात, कारण दांडी स्वतःसाठी केल्याचं सगळ्यांसमोर सांगून बसलेत. त्यांच्या टाचा जमिनीवर असतात आणि पोट आपल्या जागी.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होते. वेल्डरची काहीतरी टवाळी चालली होती. एकदम भावोजींनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. मी सवयीनं मोरीकडे कान लावला. तिथं काही नव्हतं. आवाज रस्त्यावर होता. बंब घणघणत चौकातून वळत होता.

भावोजी ताटावरून उठले. पाना घेतला नाही. स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि धारेखाली तळहात धरून उभे राहिले. घंटा दूर जाऊन विरेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग नळ नीट बंद केला, हात पुसला आणि येऊन ताईला म्हणाले, "दाब चांगला आहे."

"हो का? बरं झालं," ताई म्हणाली.

आमच्या नळाचं पाणी वेगळं आणि बंबाचं वेगळं, हे मला कळतं तर त्यांना कळत नसेल? माझ्या जिभेवर एक वाक्य आलंही होतं. मी ते गिळलं. त्यांचं ताट मी झाकून ठेवलं होतं, ते पुढे सरकवलं आणि म्हटलं, "जेवा, भावोजी. गरम आहे अजून."